अंबाडी तपासायला आलेली चार माणसं

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवंय! उद्यावर टाकलं तर निम्मं मी विसरेन आणि उरलेलं निम्मं ओजिमाच्या काकू स्वतःच सगळ्यांना सांगून मोकळ्या होतील. आणि त्यांच्या सांगण्यात माझा रोल एवढाच असणार: "ती आली आणि नुसती घड्याळ बघत उभी राहिली."

घड्याळ मी बघत होते हे खरंय. पण का बघत होते ते ऐका ना.

मी टोकियोत मास्टर्स करते, दुसरं वर्ष, सार्वजनिक प्रशासन. थिसिसचा विषय असा की औषधी गांजाची लायसन्स द्यायला आणि मग त्यावर लक्ष ठेवायला सरकारचा, म्हणजे शेवटी सगळ्या लोकांचा, किती खर्च होतो. हे वाक्य मी आईला फोनवर पूर्ण सांगितलं होतं, अगदी सावकाश. तिने त्यातला एकच शब्द ऐकला.

"मी सोसायटीत काय सांगू? मुलगी जपानला जाऊन गांजा शिकतेय?"

"आई, गांजा नाही गं. लायसन. मी लायसन शिकतेय."

"बरं, मग लायसन सांगते. कशाचं विचारलं तर ड्रायव्हिंगचं."

तेव्हापासून आमच्या सोसायटीत समज आहे की मी दोन वर्षं जपानमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट देतेय आणि सारखी नापास होतेय.

हा विषय मी उगाच स्टाईल मारायला घेतलेला नाही हां. माझ्या मामेभावाला लहानपणापासून फिट्स येतात. नेहमीची औषधं लागू पडत नाहीत अशा फिट्सवर या झाडापासून काढलेलं एक औषध काही देशांत देतात, हे मला त्याच्यामुळे माहीत होतं. त्यामुळे इथला कायदा बदलला, अशा औषधांसाठी दार उघडलं, लागवडीची नवी लायसन्स आली, तेव्हा मी हॉस्टेलच्या किचनमध्ये एकटीनेच टाळ्या वाजवल्या. बाकी सगळे भांडत होते हे चांगलं की वाईट यावर. मला मात्र भलताच बोअर प्रश्न पडला. शेताला कुंपण घातलंय की नाही ते बघायला कोण जाणार? रोपं कोण मोजणार? गोदामाचं कुलूप नीट आहे का हे तपासायला जो माणूस ट्रेनने जाईल, त्याचा तो अख्खा दिवस कुठे लिहिला जाणार?

कुठेच नाही! हेच तर. बजेटमध्ये 'औषधविषयक कामकाज' अशी एक मोठी पिशवी असते आणि सगळं त्यात कोंबलेलं असतं. मी वेगवेगळ्या ऑफिसांना पत्रं पाठवली की एका तपासणीला किती वेळ लागतो एवढंच सांगा. सगळ्यांची उत्तरं आली, अतिशय सुंदर भाषेत, आणि सगळ्यांत एकच वाक्य होतं: हे थोडं अवघड आहे. इथे 'थोडं अवघड आहे' म्हणजे नाही. 'फार अवघड आहे' म्हणजे परत विचारू नका.

जुलैमध्ये आमच्या झेमीत, म्हणजे सेन्सेई, माझे गाईड प्रोफेसर, आणि आम्ही सहा जण दर आठवड्याला बसतो त्या वर्गात, माझा तिसरा भाग वाचला गेला. सेन्सेई शांतपणे बार्लीचा चहा प्यायले, पानं नीट जुळवली आणि म्हणाले, "छान लिहिलंय. फक्त यात काही नाहीये."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सांगितलं की ऑक्टोबरमधल्या प्रेझेंटेशनपर्यंत एकाही तपासणीची खरी मोजलेली वेळ हातात आली नाही, तर हा विषय सोडायचा. त्यांच्याकडे दुसरा एक तयार होता: स्टेशनबाहेरच्या सायकल पार्किंगचं नियोजन. जुन्या विद्यार्थ्याचा सगळा डेटा कपाटात पडून होता. मी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. थोडंसंच. सायकल पार्किंगबद्दल माझी काही तक्रार नाही, पण मामेभावाला मी काय सांगणार होते?

आता काकू.

काकू म्हणजे सख्ख्या नव्हेत. ओजिमाला मी राहते त्याच्या पुढच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतात. काकांच्या नोकरीमुळे बारा वर्षांपूर्वी आल्या, पहिली दोन वर्षं घरात बसून कंटाळल्या, आता कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या छोट्या दुकानात, सकाळचा बाइतो, पार्टटाइम काम, करतात. त्यांचं जपानी सगळं त्या दुकानातलं. म्हणजे पिशवी हवी का, गरम करून देऊ का, पुन्हा अवश्य या, हे त्या इतकं नम्र आणि इतकं फास्ट बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं बाई इथेच जन्मल्या. चौथं वाक्य लागलं की संपलं. मग त्यांची सहावीतली मुलगी पुढचं बोलते. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जपानीतच देते.

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. शाळेच्या वाफ्यात केनाफ नावाचं झाड लावलं होतं, मुलांना त्यापासून कागद करायला शिकवतात म्हणून. काकूंनी ते बघितलं, पान बघितलं, देठ बघितला आणि मास्तर बोलत असतानाच एक पान तोडून तोंडात टाकलं.

"अंबाडी!" काकू ओरडल्या. "मेल्यांनो, अंबाडीचा कागद करताय?"

मास्तरांना शब्द कळला नाही पण आनंद कळला असावा, कारण त्यांनी शाळा सुटताना मूठभर बिया दिल्या. काकूंनी त्या नदीपलीकडे, सायकलवर वीस मिनिटांवर भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यात लावल्या. यंदाच्या ऑगस्टमध्ये झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. दर आठवड्याला मला एक जुडी मिळायची. सुशीचा तांदूळ मिक्सरमध्ये भरडून काकू त्याच्या कण्या करतात, त्यात तुरीची डाळ, दाणे, आणि वरून लसणीची अशी फोडणी की खालच्या मजल्यावरचे खिडक्या लावून घेतात.

पण अंबाडीचं पान कधी नीट बघितलंय का तुम्ही? कोवळं असताना साधं असतं. झाड वाढलं की पानाला बोटं फुटतात. पाच, कधी सात, लांब, कडेला दातेरी. मी एवढं वर्षभर गांजाच्या पानाचे फोटो स्लाइडवर लावत होते आणि या उन्हाळ्यात दर शुक्रवारी अंबाडीची जुडी निवडत होते. दोन्ही माझ्या डोक्यात कधी शेजारी आलेच नाहीत! भाजी ती भाजी, थिसिस तो थिसिस.

दुसऱ्या कोणाच्या डोक्यात मात्र आले.

शाळेला सुट्टी होती, काकूंनाही त्या दिवशी दुकानातून सुट्टी, मंगळवार, सकाळचे दहा. काकूंचा फोन.

"अगं, तू ते गांजाचंच शिकतेस ना?"

"लायसनचं, काकू."

"तेच ते. शेतावर ये. चार माणसं आलीयेत आणि ती माझ्या अंबाडीचे फोटो काढतायत. पोलीसपण आहे एक, पण सायकलवरचा."

मी पूल कसा ओलांडला मला आठवत नाही. पोचले तेव्हा माझा टीशर्ट पिळता आला असता. चार माणसं अशी: वाफे भाड्याने देणाऱ्यांचा एक मॅनेजर, चौकीतला एक तरुण पोलीस, आणि औषधविभागाच्या ऑफिसातून आलेले दोघं. त्यातल्या एक बाई, पन्नाशीच्या, पांढरे हातमोजे, गळ्यात दोरीला छोटं भिंग. त्यांच्याबरोबर क्लिपबोर्डवाला ज्युनियर. कोणीतरी फोन करून कळवलं होतं की एक परदेशी बाई भाजीच्या वाफ्यात गांजा लावतेय. आणि काकूंनी त्या चौघांचं सवयीने "इराश्शाइमासे" म्हणून स्वागत केलं होतं. दुकानात गिऱ्हाईक आल्यावर म्हणतात तसं. मुलगी टोपी तोंडावर ओढून बांधावर बसली होती.

"हे काय आहे ते सांगता येईल का?" भिंगवाल्या बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी ठरवलं की शब्दांपेक्षा दाखवलेलं बरं. "हे खातात," त्या मराठीतच म्हणाल्या. "हे बघा." आणि खस्सकन एक पान तोडून तोंडात टाकलं.

पोलिसाच्या हातातून वहीच पडली. "खाऊ नका! खाऊ नका!"

काकू चावत चावत माझ्याकडे वळल्या. "काय म्हणतोय गं तो?"

"खाऊ नका म्हणतोय."

"का? धुतलेलं नाही म्हणून?"

"काकू, तुम्ही पुरावा खाताय!"

"पुरावा कसला, भाजी आहे ती. त्याला पण दे एक, बघ म्हणावं किती आंबट आहे." आणि त्यांनी खरंच दुसरं पान तोडून दोन्ही हातांनी, किंचित वाकून, कोन्बिनीत सुट्टे पैसे देतात तसं त्या पोलिसापुढे धरलं. "दोझो." म्हणजे घ्या ना.

पोलीस मागच्या मागे शेजाऱ्याच्या वांग्यात गेला.

"यामेते!" बांधावरून मुलगी किंचाळली. म्हणजे बास कर आई, पुरे.

एक सांगू? भिंगवाल्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा खालचा ओठ हलला. मी बघितला.

मग त्या खाली बसल्या आणि एक पान उलटं केलं. मला आणि ज्युनियरला, दोघांनाही जवळ बोलावलं. म्हणाल्या, बघा, याची बोटं तळाशी एकमेकांना जोडलेली आहेत, हे एकच पान आहे, खोल कापलेलं. त्या दुसऱ्या झाडाच्या पानाची बोटं सुटी असतात, प्रत्येक वेगळी. खोडावर बारीक काटे आहेत, तिथे नसतात. "केनाफ," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं.

मला वाटलं, आता हे जातील. कोणी गेलं नाही! तीन मिनिटांत जे कळलं होतं ते कागदावर आणायला सुरुवात झाली. प्रत्येक झाडाशेजारी पट्टी धरून फोटो. झाडं मोजली, अकरा. ज्युनियरने पुन्हा मोजली, अकरा. काकूंचं रेसिडेन्स कार्ड. बिया कुठून आल्या? शाळेतून. मग शाळेला फोन, सुट्टीतल्या ड्युटीवरच्या उपमुख्याध्यापकांना शोधणं, त्यांनी त्या मास्तरांना शोधणं. एक फांदी पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सही, सहीशेजारी वेळ. मी मधे भाषांतर करत होते, आणि डोक्यात एकच चाललं होतं: अगं बाई, हीच ती तपासणी. जी मला कोणी दाखवत नव्हतं ती अंबाडीच्या वाफ्यात माझ्या समोर चाललीये.

गुपचूप वेळ लिहून घेता आली असती. पण ते बरोबर वाटेना. मी बाईंना सगळं सांगितलं. विषय, सेन्सेई, ऑक्टोबर. आणि विचारलं, मी वेळ नोंदवली तर चालेल का?

"थोडं अवघड आहे," त्या म्हणाल्या.

झालं.

पण त्या लगेच गेल्या नाहीत. मॅनेजरने मशीनमधून थंड चहाचे डबे आणले होते, आम्ही जाळीच्या सावलीत उभ्या राहून ते प्यायलो. मी म्हटलं, आकडे नका सांगू, पण असं खूप वेळा होतं का? तर म्हणाल्या, बातम्यांमध्ये औषधाचं आल्यापासून लोक पानांकडे बघायला लागलेत. आधी बघत नव्हते. "एकदा तर प्लास्टिकचं झाड होतं. एका सलूनमध्ये."

"मग?"

"फॉर्म भरला."

"प्लास्टिकसाठीसुद्धा?"

"कळवलंय म्हटल्यावर भरावाच लागतो."

मी विचारलं, लायसन असलेल्या शेतांची कुंपणं बघायला कोण जातं? त्यांनी स्वतःकडे आणि ज्युनियरकडे बोट केलं. औषधांचे साठे बघायला? पुन्हा तेच बोट. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आज तुम्ही हे करत नसतात तर काय करत असतात?"

त्यांनी चहाचा डबा बाजूला ठेवला. "टेबलावर एक अर्ज आहे. औषधाच्या संशोधनासाठी लागवड करायची आहे त्यांना. आज बघणार होते. उद्या बघेन."

बघा ना! वर्षभर मी लायसनचा खर्च शोधत होते लायसनवाल्यांकडे. कुंपण, कुलूप, भेटी. आणि खरा खर्च इथे होता, जे झाड गांजा नाही ते नाही म्हणून लिहून ठेवण्यात. एका झाडावर नियम बसला की त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या झाडांवर पण तो थोडा थोडा बसतो. अंबाडीवर, शोभेच्या जास्वंदीवर, सलूनमधल्या प्लास्टिकवर. आणि तेवढे दिवस कोणाचा तरी औषधाचा अर्ज टेबलावर पडून राहतो.

निघताना बाई सायकल स्टँडपाशी थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला विचारू नका. माहिती अधिकाराच्या खिडकीवर अर्ज करा. 'खर्च' लिहू नका, तो दुसऱ्या विभागात जाईल. 'बाहेर गेल्याच्या नोंदी' लिहा."

मी दुसऱ्याच दिवशी खिडकीवर! अर्जात लिहिलं, गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी. खिडकीतल्या माणसाने वाचलं, पुन्हा वाचलं आणि हळूच विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या."

मग त्याने समजावलं. प्रत्येक पानावर लोकांची नावं, पत्ते. ते सगळं काळं करावं लागतं. कोण करतं? ज्या विभागाची नोंद, त्या विभागातली माणसं. किती दिवस? खूप. तो अगदी सभ्यपणे सांगत होता आणि मला समोर त्या बाई दिसायला लागल्या, हातमोजे काढून, काळं मार्कर घेऊन, माझ्यासाठी पानामागून पान रंगवताना. आणि बाजूला तो अर्ज. अजून तसाच.

मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. मागे रांग नव्हती म्हणून बरं. कमी मागितलं तर सेन्सेई म्हणणार, एवढ्याशावर थिसिस होत नाही. सगळं मागितलं तर त्या तक्रारीचा फोन करणाऱ्यासारखी मीच त्यांचे दिवस खाणार. शेवटी 'दोन वर्षं' खोडलं आणि 'या उन्हाळ्याचे तीन महिने' लिहिलं. खोडलेल्या जागी आपल्या नावाचा शिक्का लागतो म्हणे. माझ्याकडे शिक्का नव्हता, सही चालली.

दोन आठवड्यांनी पाकीट आलं. काळ्या पट्ट्याच पट्ट्या! नावं काळी, पत्ते काळे, एका पानावर तर फक्त तारीख आणि 'इत्यादी' एवढंच पांढरं. पण निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, किती जण गेले आणि निष्कर्ष, हे चारही रकाने स्वच्छ. निष्कर्षात ओळीने: नाही. नाही. नाही. नाही. मी जमिनीवर पानं पसरून बसले आणि काकूंचं पान शोधून काढलं. निष्कर्ष: केनाफ. आणि खाली शेऱ्यात, मी शब्दशः सांगतेय: तपासणीदरम्यान संबंधित व्यक्तीने वनस्पतीचं एक पान खाल्लं. प्रकृती ठीक.

काकूंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "बघ, किती काळजीने लिहिलंय. त्या बाईंना एक जुडी द्यायला हवी."

"काकू, सरकारी माणसाला काही देता येत नाही इथे."

"मग तू पण घेऊ नकोस. शिकून तू सरकारीच होणारेस."

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी इतकी फास्ट बोलले की शेजारच्या मुलाने कागदावर 'श्वास घे' लिहून दाखवलं. तीन महिन्यांचा तक्ता लावला. किती माणसं, किती तास, त्यातला किती वेळ झाड ओळखण्यात आणि किती वेळ ते लिहिण्यात. शेवटचा फरक मला एकाच भेटीचा माहीत होता, तो तसाच सांगितला, वाढवून नाही.

सेन्सेईंनी विचारलं, "तीनच महिने का? दोन वर्षं मागता आली असती."

मला हाच प्रश्न नको होता. मी पुढची स्लाइड लावली. तक्त्यात एक ओळ जास्तीची होती: माझा स्वतःचा अर्ज. पानं किती काळी करावी लागली असतील, माणसं किती, अंदाजे वेळ किती. म्हटलं, "बाकीचं मागितलं असतं तर त्या ऑफिसात खर्च मोजण्याचाच खर्च सगळ्यात मोठा झाला असता. आणि तिथे एका औषधाच्या अर्जाचं काम अडलेलं आहे."

सेन्सेईंनी माझ्या त्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, मग आणखी एक.

"ही ओळ शेवटी नको," ते म्हणाले. "इथून सुरू करा. मार्चपर्यंत सगळं पुन्हा लिहा."

पुन्हा लिहा! म्हणजे विषय माझाच! मी बाहेर येऊन आधी मामेभावाला फोन लावला, तो क्लासमध्ये होता म्हणून मामीलाच सगळं सांगितलं, तिने विचारलं, "म्हणजे पास झालीस ना गाडीची?" मी म्हटलं हो. झाले पास. आता लिहायला बसायचंय, पण बसवतच नाहीये, म्हणून आधी हे तुम्हाला टाइप करतेय.

आता तुमचं सांगा. परदेशात असा किंवा गावात, तुमच्या घरातली अगदी रोजची एखादी गोष्ट, भाजी म्हणा, मसाला म्हणा, आजीचं औषध म्हणा, कोणी दारात येऊन 'हे काय आहे' म्हणून तपासलीये का कधी? किती जण आले होते? आणि तुम्ही त्यांच्यासमोर ती खाऊन दाखवलीत का?